खापर खेळावर फोडून कोण सुटतो?

कोवळ्या वयाच्या पोराने कोणाचा जीव घेतला की दुसऱ्या दिवशीचा प्रश्न ठरलेला असतो : तो कोणता गेम खेळत होता? पोलिसांचा पंचनामा पुरा व्हायच्या आत वाहिन्यांवरच्या पंडितांचे उत्तर तयार असते. मोबाईल, संगणक, बंदुकांचे खेळ, बिघडलेली पिढी. मग दोन दिवस चर्चा झडते, कोणीतरी बंदीची मागणी करतो आणि प्रकरण थंड होते. हे नाटक भारतात आता आता सुरू झाले. अमेरिकेत ते गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे. हिंसक व्हिडिओ गेममुळे माणूस प्रत्यक्षात हिंसक होतो काय, या प्रश्नाचा सर्वांत जास्त काथ्याकूट तिथेच झाला. म्हणून आम्ही आज अमेरिकेचेच प्रकरण वाचकांपुढे मांडत आहोत. आपल्या चळवळीचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. हिंसेचे कारण कुठे शोधायचे आणि कुठे शोधायचे नाही, हे कोण ठरवतो, असा हा प्रश्न आहे. आपल्या समाजाने त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोराडो राज्यातील कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला गोळ्या घालून ठार केले व स्वतःलाही संपवले. दोघेही ‘डूम’ नावाचा १९९३ साली आलेला बंदुकीचा गेम खेळत असत. बस्स, कारण सापडले! मृतांच्या नातेवाइकांनी गेम कंपन्यांवर कोट्यवधी डॉलर्सचा दावा लावला. न्यायालयाने तो २००२ मध्ये फेटाळला. ज्यांची लेकरे गेली त्यांच्या दुःखाबद्दल आम्हाला एक शब्दही वावगा बोलायचा नाही. पण डूम त्या काळात जगभरातली लाखो पोरे खेळत होती. त्यातल्या दोघांनी शाळेत बंदुका नेल्या. उरलेल्यांनी का नेल्या नाहीत, हा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांना पडला.

पुढे काय झाले ते पाहा. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारले. हल्लेखोराची नीट ओळखही पटलेली नव्हती तेव्हा वाहिन्यांवर गेमचे नाव घेतले गेले. नंतर राज्याने नेमलेल्या समितीने तपास केला, तेव्हा त्याला हिंसक गेमचे वेड असल्याचा मागमूसही लागला नाही. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक प्राथमिक शाळेत २० चिमुरडी मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. त्यानंतर आठवडाभरात अमेरिकेतील बंदूकधारकांची बलाढ्य संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, हिचे कार्यकारी प्रमुख वेन लापिएर पत्रकारांपुढे आले आणि त्यांनी व्हिडिओ गेम उद्योगाकडे बोट दाखवले. बंदुकीचा धंदा ज्यांच्या जिवावर चालतो ते सांगतात की दोष चित्रातल्या बंदुकीचा! सरकारी वकिलांचा अहवाल २०१३ मध्ये आला. हल्लेखोराकडे हिंसक गेमही होते, हे खरे. पण तो तासन्‌तास ज्या यंत्रावर घालवत असे ते होते ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’, म्हणजे गाण्याच्या तालावर पाय टाकायचा खेळ. नाचण्यावर बंदी घाला, असे मात्र कोणी म्हटले नाही.

आता शास्त्राकडे वळू. इथे आपण सावध राहिले पाहिजे, कारण ‘गेमचा काहीच परिणाम होत नाही’ असे म्हणणारेही अर्धसत्यच सांगतात. आयोवा स्टेट विद्यापीठाचे क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातील सहभागी माणसांची संख्या १ लाख ३० हजारांवर जाते. त्यांचा निष्कर्ष असा की हिंसक गेम खेळणाऱ्यांत आक्रमकता वाढते आणि दुसऱ्याविषयीची कणव कमी होते. २०१८ मध्ये आणखी एक आढावा प्रसिद्ध झाला. २४ अभ्यास, १७ हजारांवर मुले, आणि त्यांतील प्रत्येकाचा काही काळ केलेला पाठपुरावा. त्यातही शारीरिक आक्रमकतेत वाढ दिसली. पण ती लहान होती.

पण ‘आक्रमकता’ मोजली कशी? प्रयोगशाळेत कोणाच्या हाती सुरा देऊन पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्त्या काढल्या. गेम खेळून झाल्यावर समोरच्या अदृश्य प्रतिस्पर्ध्याच्या कानात किती मोठा आणि किती वेळ कर्कश आवाज सोडता, ते मोजायचे. किंवा ज्याला तिखट सोसत नाही अशा माणसाच्या वाट्याला तुम्ही किती तिखट सॉस घालता, ते मोजायचे. (या कसोटीवर आपल्याकडची प्रत्येक सासू आक्रमक ठरेल, ही गोष्ट वेगळी.) तिखट जास्त घातले म्हणजे माणूस खुनाच्या वाटेला लागला, असे कोणत्या तर्काने म्हणायचे? प्रयोगशाळेतला चिडका क्षण आणि शाळेत शिरून वीस लेकरे मारणे, यांच्यामध्ये फार मोठी दरी आहे. ती ओलांडण्याचे काम शास्त्रज्ञांपेक्षा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनीच अधिक केले.

दुसऱ्या बाजूचे पुरावेही आहेत. जर्मनीत काही प्रौढांना दोन महिने रोज ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हा मारधाडीचा गेम खेळायला लावले, दुसऱ्या गटाला साधा घरसंसाराचा गेम दिला आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. २०१८ मध्ये निष्कर्ष आला : तिन्ही गटांच्या आक्रमकतेत म्हणण्यासारखा फरक नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या वागण्याबद्दल त्यांनी पालकांनाच विचारले आणि गेम किती हिंसक ते सरकारमान्य वर्गवारीवरून ठरवले. आकडे कसे तपासणार हे आधीच जाहीर करून मग काम केले, म्हणजे नंतर सोयीचा निष्कर्ष उचलायला वाव नको. त्यांनाही संबंध आढळला नाही. उलट, हिंसक गेममुळे खरी बंदूक नेमकी चालवता येते असे सूचित करणारा एक गाजलेला निबंध २०१७ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातील आकड्यांचा मेळ लागत नव्हता.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ मध्ये गेम आणि आक्रमकता यांचा संबंध असल्याचा ठराव केला होता. त्याआधीच, २०१३ मध्ये, दोनशेहून अधिक अभ्यासकांनी संस्थेला पत्र लिहून अशा ठाम भाषेला विरोध नोंदवला होता. मार्च २०२० मध्ये संस्थेने आपली भूमिका पुन्हा तपासली. ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी थोडासा संबंध दिसतो. पण खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचे कारण गेम आहेत असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, आणि तसे म्हणत राहिल्याने इतर कारणांकडे दुर्लक्ष होते, असे संस्थेने स्वच्छ सांगितले. सगळे पाहून आमचे मत असे बनले आहे : गेम खेळून उठलेला पोरगा तासभर घुश्शात असेल, धाकट्या भावावर खेकसेल. त्याची काळजी घरात घ्यावी. पण गेममुळे तो खुनी होतो, हे कोणी सिद्ध केलेले नाही.

सिद्ध न होता कायदे मात्र होतात. कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना हिंसक गेम विकण्यास बंदी करणारा कायदा केला; दंड एक हजार डॉलर्सपर्यंत. विधेयक आणणारे लोकप्रतिनिधी लेलँड यी हे स्वतः बालमानसशास्त्रज्ञ. सही करणारे गव्हर्नर अर्नॉल्ड श्वार्झनेगर. ज्या गृहस्थांनी पडद्यावर किती माणसे मारली याची मोजदाद त्यांनाही करता यायची नाही, त्यांनीच मुलांना हिंसेपासून वाचवण्याच्या कायद्यावर सही केली! २७ जून २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकालात म्हटले की गेम हेही अभिव्यक्तीचे साधन आहे. सादर झालेल्या अभ्यासांतून फार तर सहसंबंध दिसतो, कार्यकारण नाही. आणि मुलांना वाचून दाखवल्या जाणाऱ्या परीकथाही काही कमी रक्तरंजित नाहीत. यी महाशयांची पुढची कथा आणखी बोधप्रद आहे. मार्च २०१४ मध्ये एफबीआयने त्यांना अटक केली. पैशांच्या बदल्यात शस्त्रास्त्रांचा सौदा जुळवून देण्याची तयारी दाखवल्याचा आरोप त्यात होता. २०१५ मध्ये त्यांनी संघटित भ्रष्टाचाराचा गुन्हा कबूल केला आणि २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. चित्रातली बंदूक नको, खरी चालेल, असा हा सगळा मामला.

या इतिहासात एक माणूस असा आहे की त्याच्याकडे आंबेडकरी वाचकाने थांबून पाहावे. डॉ. फ्रेडरिक वर्थॅम हे न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ. १९४६ मध्ये त्यांनी हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू केले. गोऱ्यांच्या इस्पितळांत ज्यांना दारात उभे करत नसत, अशा गरीब काळ्या माणसांच्या मनाच्या आजारांवर तिथे पंचवीस सेंटमध्ये उपचार होत आणि ज्याच्याकडे तेही नसत त्याला फुकट. वर्णभेदी शाळांमुळे काळ्या मुलांच्या मनावर काय आघात होतो, याचा अभ्यास वर्थॅम यांनी केला आणि डेलावेअर राज्यातील खटल्यात न्यायालयापुढे साक्ष दिली. तो खटला पुढे ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात समाविष्ट झाला. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या ऐतिहासिक निकालाच्या पायात या माणसाचाही एक दगड आहे.

आणि त्याच १९५४ साली याच डॉ. वर्थॅम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आले. चित्रकथांची पुस्तके, म्हणजे कॉमिक्स, वाचून मुले गुन्हेगार होतात, असा त्याचा दावा. सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, अमेरिकेत काही ठिकाणी कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर सेन्सॉरशिप लादून घेतली. पुढे वर्थॅम यांची कागदपत्रे संशोधकांना खुली झाली. कॅरोल टिली या अभ्यासिकेने ती तपासून दाखवून दिले की त्यांनी मुलांच्या मुलाखतींत फेरफार केले होते, काही मुलांचे म्हणणे एकत्र कालवले होते आणि गैरसोयीच्या गोष्टी गाळल्या होत्या. त्या मुलांच्या घरात मारझोड होती, दारिद्र्य होते, टोळ्या होत्या. पुस्तकात मात्र कॉमिक्स तेवढे उरले.

आम्हाला या माणसाची टवाळी करायची नाही. हार्लेमच्या तळघरात बसून काळ्या पोरांचे दुःख ऐकणारा डॉक्टर आमच्या दृष्टीने थोरच. पण एकाच माणसाच्या दोन शोधांचे काय झाले ते बघा. वर्णव्यवस्था मुलांचे मन जखमी करते, हे त्याचे म्हणणे खरे होते. ते न्यायालयाने मान्य केल्यावरही दक्षिणेतल्या गोऱ्या समाजाने वर्षानुवर्षे मानले नाही. शाळा बंद पाडल्या, पण काळी मुले आत येऊ दिली नाहीत. कॉमिक्स मुलांना बिघडवतात, हे त्याचे म्हणणे कच्चे होते. ते मात्र देशाने डोक्यावर घेतले. पहिले मानायचे तर समाज बदलावा लागत होता, दुसरे मानायला दुकानातली चार पुस्तके जाळली की भागत होते.

कॉमिक्सनंतर दूरचित्रवाणी आली, मग रॉक संगीत, मग व्हिडिओ गेम. १९९३ मध्ये ‘मॉर्टल काँबॅट’वरून सिनेटमध्ये पुन्हा सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी गेमच्या वयोगटवार वर्गीकरणाची पद्धत आली. वर्गीकरण ही चांगली गोष्ट आहे, आमचा तिला विरोध नाही. पण त्याच दशकात दुसरे काय चालले होते? १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बंदुकांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या सरकारी संशोधनावर अशी अट घातली की त्या कामाचा पैसा वीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ आटला. २०१९ च्या अखेरीस पुन्हा निधी मंजूर झाला. म्हणजे गेमवर शेकडो अभ्यास आणि बंदुकीवर चूप! स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत, माणसांपेक्षा जास्त. जपान आणि दक्षिण कोरियातली पोरे तेच गेम खेळतात. तिथे बंदूक सहजासहजी मिळत नाही आणि शाळांमध्ये प्रेतांचे खच पडत नाहीत.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येऊ. पॅट्रिक मार्की, जेम्स आयव्होरी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०४ सामूहिक गोळीबार आणि त्यांविषयीच्या दोन लाखांहून अधिक बातम्या त्यांनी तपासल्या. शाळेतला हल्लेखोर गोरा असेल तर बातमीत व्हिडिओ गेमचा उल्लेख येण्याचे प्रमाण हल्लेखोर काळा असतानाच्या तुलनेत आठपटीहून अधिक निघाले. याचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यावा. गोऱ्या घरातल्या पोराने बंदूक उचलली की समाज हबकतो : आपला पोरगा असे करूच शकत नाही, त्याला बाहेरच्या कशाने तरी बिघडवले असणार. मग ते बाहेरचे काहीतरी शोधले जाते. काळ्या पोराने तेच केले तर शोध घ्यायची गरज कोणाला वाटत नाही, कारण उत्तर मनात आधीच लिहिलेले असते : ती जातच तशी!

‘ती जातच तशी’ हे वाक्य आपल्याला कोणी शिकवायला नको. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून माणसे आईच्या पोटातून गुन्हेगार म्हणून जन्माला येतात असे ठरवून टाकले. सोलापूरसारख्या शहरांत तारेच्या कुंपणामागे वसाहती उभ्या राहिल्या. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, त्या माणसांवरचा शिक्का कागदोपत्री पुसला. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्याच्या पालाकडे वळते. त्या पालावरच्या पोराने कोणता गेम पाहिला, त्याचे मन कशाने बिघडले, असे विचारणारा मानसोपचारतज्ज्ञ आम्ही तरी वाहिनीवर पाहिलेला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत आई, मुलगी आणि दोन मुले अशा एका कुटुंबातील चौघांना जमावाने हालहाल करून मारले. मारणारे कोणताही व्हिडिओ गेम खेळत नव्हते. तरीही सुरुवातीच्या दिवसांत कारणे शोधली गेली ती कुठे? अनैतिक संबंधांत, गावच्या संतापात, जुन्या भांडणात. जात सोडून सगळीकडे! २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही ठिकाणी लागू झाला नाही. जातीपोटी हे घडल्याचे सिद्ध होत नाही, असे म्हटले गेले. अमेरिकेत गेमचे नाव पुढे करून वंशद्वेष आणि बंदूक मागे ढकलली जाते. इथे भलतीसलती कारणे पुढे करून जात मागे ढकलली जाते.

३ ऑगस्ट २०१९ रोजी टेक्सासमधील एल पासो शहरात एका गोऱ्या तरुणाने वॉलमार्टच्या दुकानात २३ जणांचे जीव घेतले. मेक्सिकन वंशाच्या लोकांविषयीचा द्वेष त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. कारण शोधायची गरजच नव्हती. दोन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भाषण केले. वंशद्वेषाचा निषेध त्यांनी केला, हे नोंदवले पाहिजे. पण त्याच दमात व्हिडिओ गेमवरही ठपका ठेवला. मग वॉलमार्टने काय केले? हिंसक गेमच्या जाहिराती आणि फलक दुकानांतून काढायचा आदेश दिला. बंदुकांची विक्री चालू राहिली. बरीच ओरड झाल्यावर पुढच्या महिन्यात त्या कंपनीने काही प्रकारच्या काडतुसांची विक्री बंद करण्याचे जाहीर केले.

मग गेमच्या दुनियेत धोका नाहीच काय? आहे. पण तो रक्ताच्या चित्रात शोधून सापडायचा नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी ‘एथ्निक क्लिन्झिंग’ नावाचा गेम काढला. त्यात खेळाडूने काळे, लॅटिनो आणि ज्यू यांना टिपायचे. त्याच वर्षी ४ जुलैला अमेरिकेच्या लष्कराने तरुणांना भरतीकडे खेचण्यासाठी ‘अमेरिकाज आर्मी’ हा गेम फुकट वाटला. तो २०२२ पर्यंत चालू होता. इतरांच्या गेमने पोरे बिघडतात आणि लष्कराच्या गेमने देशभक्त होतात, हे कसे? १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात मशिदींवर हल्ला करून ५१ मुसलमानांना मारणाऱ्याने डोक्यावर कॅमेरा बांधून ते फेसबुकवर थेट दाखवले. तिथल्या चौकशी आयोगाच्या अहवालात गेमचा उल्लेख येतो तो वेगळ्या अंगाने : गेम खेळताना चालणाऱ्या गप्पांत तो उघड वंशद्वेष बोलत असे. १४ मे २०२२ रोजी बफेलोमध्ये १० काळ्या माणसांना मारणाऱ्याने आपली योजना डिस्कॉर्ड या गेम खेळणाऱ्यांमध्ये रुळलेल्या माध्यमावर लिहून ठेवली होती आणि हल्ला ट्विच या गेमच्याच प्रक्षेपणस्थळावर दाखवला. बंदूक कशी रोखायची यापेक्षा कोणावर रोखायची हे कोण शिकवतो, ते पाहायला हवे. ते शिकवणारा पडद्यातला राक्षस नसतो. कानाला लावलेल्या हेडफोनमधून बोलणारा जिवंत माणूस असतो.

आपल्या सरकारांचा कारभार याहून निराळा नाही. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जी गेमवर बंदी घातली आणि मोबाईलवर खेळताना सापडलेल्या दहा तरुणांना अटक केली. गेम खेळला म्हणून अटक! २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जीसह ११८ ॲपवर बंदी आणली, तेव्हा पुष्कळ आईबापांना वाटले की सरकारला पोरांची काळजी वाटली. आदेशात हिंसेचे कारण नव्हते; देशाची सुरक्षा आणि चिनी कंपन्यांकडे जाणारी माहिती हे कारण होते. २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून परत आला. फरक इतकाच की गोळी लागली की रक्ताऐवजी हिरवा रंग उडतो. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ नावाच्या तथाकथित जीवघेण्या गेमने देशभर घबराट माजवली. कुठेही पोराने आत्महत्या केली की ब्लू व्हेल! जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की तपासलेल्या प्रकरणांत त्याचा हात आढळला नाही. ती पोरे का मेली, हे विचारायला तोवर कोणी थांबले नव्हते. परीक्षा, कर्ज, वसतिगृहातला छळ, जातीवरून मारलेला टोमणा, यांपैकी काय होते, ते कळायचे राहूनच गेले.

आमच्या वस्त्यांतल्या आईबापांना आम्ही एवढेच सांगू की पोराच्या हातातला मोबाईल हिसकावून काही साधत नाही, आणि तो देऊन टाकून मोकळे होणेही बरे नव्हे. आई धुणीभांड्याला, बाप नाक्यावर, खोली दहा बाय दहाची. बाहेर खेळायला मैदान होते तिथे इमारत उभी राहिली. अशा घरात पोरगा मोबाईलवर गोळ्या झाडतो यात नवल ते काय? रात्री दोनपर्यंत जागून शाळा बुडवणे, पैसे लावून खेळणे ही खरी दुखणी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला १ जानेवारी २०२२ पासून आजारांच्या यादीत घेतले आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. जाहिराती करणाऱ्या खेळाडूंनी आणि नटांनी तोवर आपले पैसे घेऊन झाले होते. पोराचे वय आणि गेमवर छापलेले वय जुळते काय ते पाहा. तो कोणाशी बोलतो ते पाहा. हेडफोन काढून एकदा त्याच्या गप्पा ऐका. त्यात कोणाची जात, कोणाचा धर्म, कोणाची आई-बहीण काढली जाते ते तुमच्या कानावर पडू द्या, आणि आपल्या पोरालाच जात विचारली जात असेल, तर त्या वेळी तो काय उत्तर देतो तेही ऐका. विहाराच्या आवारात संध्याकाळी कॅरम आणि अभ्यासिका चालवणारी मंडळे अनेक ठिकाणी आहेत. नगरसेवकाकडे मैदानाची मागणी घेऊन जाताना या मंडळांनी पोरांनाही सोबत न्यावे; अर्जावर पहिली सही त्यांचीच असू द्यावी.